भूखंड त्यांचे, नाल्या आमच्या

नागपूर सुधार प्रन्यास ही संस्था गेल्या दहा वर्षांत एकदा मेली आणि एकदा जिवंत झाली. २०१६ च्या अखेरीस राज्याच्या मंत्रिमंडळानं ती बरखास्त करायचं ठरवलं. २०१९ मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, शहराचं नियोजन महानगरपालिकेकडे सोपवण्याचे आदेश निघाले. मग सरकार बदललं आणि २०२१ मध्ये त्याच प्रन्यासाला पुन्हा उभं केलं गेलं. एकानं मोडलं ते दुसऱ्यानं जोडलं. या सगळ्या काळात भांडण जोरात होतं. प्रन्यासाच्या जमिनी कुणाला, ठेवी कुणाला, कर्मचाऱ्यांची ज्येष्ठता कुठं धरायची, नकाशावर सही कुणाची. त्यात एक प्रश्न मात्र मला कुणी विचारलेला दिसला नाही. प्रन्यासाच्या अभिन्यासांत राहणाऱ्या, तिथल्या बिननळाच्या घरांत पाणी भरणाऱ्या बायकांचं काय?

आता एखादी मैत्रीण म्हणेल, तू बसतेस रिद्धपुरात, तुझ्या गावात ना नगरपालिका ना प्रन्यास, तुला हे उसनं दुखणं कशाला? प्रश्न रास्त आहे. रिद्धपूर हे मोर्शी तालुक्यातलं, संत्र्याच्या पट्ट्यातलं गाव. कारभार ग्रामपंचायतीचा. पण हे महानुभावांचं मोठं तीर्थ आहे. गोविंदप्रभूंचं हे गाव. म्हाइंभटांनी लीळाचरित्र इथं सिद्ध केलं, आणि मराठीतली पहिली कवयित्री म्हणून जिचं नाव घेतलं जातं त्या महदाइसेनं धवळे इथं रचले. २०२३-२४ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूरला करण्याची घोषणा झाली, मग कायदा झाला, कुलगुरू आले, वर्ग सुरू झाले. आनंदच आहे. पण त्याच्या मागोमाग ‘विकास आराखडा’ हा शब्दही गावात शिरला आहे. जिथं तीर्थ आणि विद्यापीठ, तिथं जमिनीचे भाव चढतात. आणि भाव चढले की कुणीतरी म्हणतंच, हे काम ग्रामपंचायतीच्या आवाक्यातलं नाही, याला वेगळं प्राधिकरण पाहिजे. तेव्हा शहरात काय घडून गेलं ते खेड्यातल्या बायकांनी आधीच समजून घेतलेलं बरं. शिवाय आमच्या कितीतरी लेकी लग्न करून अमरावती-नागपूरच्या वस्त्यांतच नांदायला जातात. त्यांचं दुखणं उसनं कसं म्हणू?

सुधार प्रन्यास म्हणा, विकास प्राधिकरण म्हणा, गृहनिर्माण मंडळ म्हणा किंवा अलीकडची स्मार्ट सिटीची कंपनी म्हणा, नावं निराळी असली तरी बांधा एकच. शासन एक संस्था काढतं. तिला जमीन सक्तीनं घेण्याचा अधिकार देतं. ती जमीन स्वस्तात घ्यायची, रस्ते पाडायचे, भूखंड आखायचे आणि महागात विकायचे, आणि त्या पैशातून पुढची योजना. वर शासनानं नेमलेला सनदी अधिकारी. विश्वस्तांत किंवा सदस्यांत लोकांनी निवडलेली एक-दोन माणसं चवीपुरती. यांना कुणी मत देत नाही, म्हणून यांना कुणी पाडूही शकत नाही.

या बांध्याचं पहिलं कातडं मुंबईचं आहे. १८९६ च्या प्लेगनं सरकारची झोप उडाली. निवडून आलेल्या नगरसंस्थेवर इंग्रजांचा भरवसा नव्हता, म्हणून १८९८ मध्ये मुंबई सुधार प्रन्यास काढला. रोग दाट वस्तीमुळं होतो, तेव्हा दाट वस्ती पाडा, असा साधा हिशोब. पाडण्याचं काम झपाट्यानं झालं, बांधण्याचं रेंगाळलं. चाळीतून उठवलेली माणसं शेजारच्या चाळीत अधिक दाटीनं राहायला गेली. दुसरीकडे दादर-माटुंग्याला रुंद रस्त्यांच्या सुंदर वसाहती उभ्या राहिल्या, त्या मध्यमवर्गासाठी. १९३३ मध्ये हा प्रन्यास मुंबई महापालिकेत विलीन झाला. म्हणजे प्रन्यास बंद करता येतो, आणि बंद केला म्हणून आभाळ कोसळत नाही, हे या राज्याला नव्वद वर्षांपासून माहीत आहे. तरी मुंबईचा प्रन्यास विलीन होऊन तीन वर्षं होतात न होतात तोच १९३६ मध्ये आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारनं नागपूर सुधार प्रन्यासाचा कायदा केला. जुनं कातडं, नवं ढोलकं.

या संस्थांनी काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. नागपूरचे रुंद रस्ते, बागा, मैदानं यांत नासुप्रचा वाटा आहे. माझा आक्षेप वेगळा आहे, आणि तो समजायला काही तारखा शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात.

१९९० मध्ये महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांत बायकांना ३० टक्के जागा दिल्या. १९९३ मध्ये ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि देशभर एक तृतीयांश जागा आल्या. २०११ मध्ये आपल्या राज्यात निम्म्या झाल्या. याच ७४ व्या दुरुस्तीनं घटनेला बारावं परिशिष्ट जोडलं. त्यात नगरपालिकांकडे द्यायचे १८ विषय आहेत. पहिलाच विषय नगर नियोजनाचा. झोपडपट्टी सुधारणाही त्यात आहे. आता दुसरी रांग पाहा. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आणि त्याच वर्षी स्मार्ट सिटी अभियान, ज्यात महापालिकेच्या डोक्यावर एक कंपनी बसवली गेली. ते अभियान २०२५ च्या मार्चमध्ये संपलं. २०१७ मध्ये नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. कुणी म्हणेल सिडको तर १९७० ची आहे, नासुप्र तर इंग्रजी अमलातला. मान्य. बायकांना सत्ता मिळू नये म्हणून हा कट रचला असं माझं म्हणणं नाही, एवढी दखल आपली कुणी घेत नाही. पण परिणाम बघा. आपण सभागृहाच्या दारापर्यंत पोचलो तोवर तिजोरी मागच्या दारानं दुसऱ्या इमारतीत गेली होती. आपल्या वाट्याला आल्या खुर्च्या, आणि त्यांच्यासमोर कचरा, नाली, मोकाट कुत्री. जमीन कुणाची घ्यायची, कुणाला द्यायची, शहर कुठल्या अंगाला वाढवायचं, हे ठरतं जिथं आपलं आरक्षण नाही तिथं.

मग अशा संस्था बंद करायचं ठरलं तर स्थानिक संस्थांनी पेढे वाटायला हवेत ना? इथंच गंमत आहे. अनुभव असा, की बंद करण्याला विरोध करायला पुष्कळदा स्थानिक सत्ताधारीच उभे राहतात.

दूरचं उदाहरण आधी घेते, कारण त्यात हिशोब स्वच्छ दिसतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात १९४५ च्या कायद्यानं पुनर्विकास संस्था सुरू झाल्या. एखादा भाग ‘ऱ्हास पावलेला’ म्हणून जाहीर करायचा, आणि त्यानंतर तिथला मालमत्ता कर जितका वाढेल ती वाढ त्या संस्थेनं घ्यायची. शाळा, जिल्हा प्रशासन यांच्या वाट्याला येणारा पैसा असा वळवला जायचा. होता होता अशा सुमारे ४०० संस्था झाल्या. २०११ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी तिजोरीत खडखडाट आहे म्हणून त्या बंद करायचं ठरवलं. शहरं खवळून उठली. थेट राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. डिसेंबर २०११ मध्ये हरली, आणि फेब्रुवारी २०१२ पासून संस्था संपल्या. शहरांना एवढा राग का? कारण बहुतेक ठिकाणी नगरपरिषदेचे सदस्यच त्या संस्थेचेही संचालक होते. एकाच माणसाच्या दोन टोप्या. एका टोपीला हिशोब द्यावा लागायचा, दुसरीला फारसा नाही. त्यांना लाडकी होती ती दुसरी.

पण त्या शहरांच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती, आणि ती आपण विसरू नये. त्या पैशातला २० टक्के वाटा गरिबांच्या परवडणाऱ्या घरांसाठी राखून ठेवण्याचं बंधन होतं. अनेक शहरांनी तो नीट खर्च केला नाही, कारभारावर उडवला, अशा तक्रारी होत्या. तरी वाटा होता. संस्था संपल्या तेव्हा तो झराही आटला. भांडले अधिकारी आणि पुढारी, घरं गेली भाडेकरूंची.

आता आपल्या राज्यात येऊ. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये स्थापन झालं. निगडी, आकुर्डी, वाकड, थेरगाव अशा गावांच्या जमिनी कामगारांना परवडणारी घरं देण्यासाठी म्हणून घेतल्या. २०२१ मध्ये शासनानं हे प्राधिकरण पुण्याच्या महानगर प्राधिकरणात विलीन केलं. पिंपरी-चिंचवड महापालिकेतल्या तेव्हाच्या सत्ताधाऱ्यांनी कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं. बांधून झालेल्या पेठा, त्यांचे रस्ते, दिवे, गटारं महापालिकेकडे आली, आणि मोकळे भूखंड व ठेवी गेल्या पुण्याच्या प्राधिकरणाकडे. खर्च एकाकडे, कमाई दुसऱ्याकडे. हा अन्यायच आहे. पण ज्यांच्या जमिनी १९७२ ते १९८३ या काळात गेल्या ते शेतकरी साडेबारा टक्के परताव्यासाठी कित्येक दशकं खेटे घालत होते. त्यांच्यासाठी हा कडाडणारा आवाज इतकी वर्षं कुठं होता?

आणि त्या शेतकऱ्यांतही बायका कुठं होत्या ते बघू. जमीन गेली तेव्हा सातबाऱ्यावर घरातल्या पुरुषाचं नाव. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला जन्मानं हक्क नव्हता, तो महाराष्ट्रात १९९४ मध्ये आला, देशात २००५ मध्ये. म्हणजे जमीन घेतली जुन्या कायद्याच्या काळात आणि परतावा वाटायचा नव्या कायद्याच्या काळात. मधल्या पन्नास वर्षांत मूळ खातेदार वारले, वारस झाले. त्या वारसांच्या यादीत बहिणी आहेत, की राखी बांधायला आल्या त्याच दिवशी त्यांच्याकडून हक्कसोडपत्रावर अंगठे घेतले गेले? कुठलंही प्राधिकरण हे तपासत नाही. महापालिकाही तपासत नाही. बंद करण्याच्या बाजूनं असो की विरोधात, या वादाच्या कुठल्याही कागदावर हा रकाना नाही.

नागपुरात चित्र उलटं. तिथल्या महापालिकेतल्या सत्ताधाऱ्यांना प्रन्यास जायला हवा होता, कारण तिथं भूखंड महापालिकेकडे येणार होते. पिंपरीत भूखंड जाणार होते म्हणून विलीनीकरण नको, नागपुरात येणार होते म्हणून हवं. गंमत म्हणजे दोन्ही महापालिकांत तेव्हा सत्ता एकाच पक्षाची. उद्या पक्ष बदलले तर भूमिकाही बदलतील, तत्त्व कुणाचंच नाही. लोकशाही, विकेंद्रीकरण, स्थानिक स्वायत्तता हे शब्द भूखंडाच्या कुंपणाला लावलेल्या पाट्या आहेत.

या कुंपणाच्या आतबाहेर बाई कशी हेलपाटते ते सांगते. विदर्भातल्या एका शहरातली गोष्ट. शहराचं आणि कार्यालयांचं नाव घेत नाही. एम.एस.डब्ल्यू. करताना क्षेत्रकार्यासाठी मी एका वस्तीत जात होते. शेताचे गुंठे पाडून विकलेले प्लॉट, मालकानं नकाशा मंजूर न करता विकलेले. असे अभिन्यास नागपुरातच इतके आहेत, की ‘५७२ लेआउट’ आणि ‘१९०० लेआउट’ हे शब्द तिथल्या पोरासोरांनाही पाठ आहेत. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं ते नियमित करायचं ठरलं, त्यासाठी विकास शुल्क भरायचं. मी म्हणते त्या वस्तीतली एक बाई धुणीभांडी करायची. नवरा गवंडी होता, तो गेला. शुल्काचे हप्ते तिनं तिच्या कमाईतून भरले, पावत्या नवऱ्याच्या नावानं. तो गेल्यावर पावत्या दिराच्या पेटीत, आणि कार्यालय म्हणे वारस दाखला आणा. वारस दाखल्यासाठी दिराची सही. सही हवी तर अर्धा प्लॉट. तोवर नळ नाही, नाली नाही. नालीसाठी गेलं की एक कार्यालय म्हणायचं, अभिन्यास अजून हस्तांतरित झालेला नाही, त्यांच्याकडे जा. दुसरं म्हणायचं, तुम्ही कर भरता तिकडे, तिकडंच विचारा. ती मला म्हणाली, “ताई, नळ मागाले गेली त इकडचे म्हनते तिकडं जाय, तिकडचे म्हनते इकडं जाय. मत मागाले मात्र बराबर माह्यंच दार सापडते.”

मी त्या वाक्यावर पुष्कळ विचार केला आहे. ते कडवट आहे, पण त्यात एक वाट आहे. मत मागायला जो येतो त्याला दार सापडतं, म्हणजे त्याचंही दार आपल्याला सापडू शकतं. त्या वस्तीतल्या बायकांनी उन्हाळ्यात नगरसेवकाच्या अंगणात रिकामे हंडे नेऊन ठेवले होते. दोन दिवसांनी टँकर आला. नळ आला नाही, टँकर आला, पण आला. दुसऱ्या कार्यालयाच्या मुख्य साहेबांच्या अंगणात हंडे ठेवायचं ठरलं तेव्हा कळलं, त्यांची बदली झाली. नवे साहेब अजून रुजू व्हायचे होते. मृणाल गोरे १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत निवडून गेल्या आणि ‘पाणीवाली बाई’ झाल्या, ते त्यांना ओरडायला एक सभागृह होतं म्हणून. प्राधिकरणाच्या बैठकीत त्यांना कुणी आत घेतलं असतं?

म्हणून माझी भूमिका सरळ आहे. असे प्रन्यास आणि प्राधिकरणं बंद झाली पाहिजेत, आणि त्यांचं काम लोकांनी निवडलेल्या संस्थांकडे गेलं पाहिजे.

यावर ठरलेला प्रश्न येतो, की महापालिका काय धुतल्या तांदळाच्या आहेत? मुळीच नाहीत. नगरसेविकेच्या नावाची पाटी आणि खुर्चीत तिचा नवरा, हे मी डोळ्यांनी पाहते. टक्केवारी, ठेके, आरक्षणाखालच्या जागा मोकळ्या करून देणं, सगळं चालतं. पण हा प्रश्न विचारणाऱ्यांना मी उलट विचारते, भ्रष्टाचार न निवडलेल्या संस्थेत कमी असतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं? तो तिथं फक्त दिसत कमी, कारण सभेत उठून प्रश्न विचारणारं कुणी नसतं. आणि बायकांना कारभार जमत नाही हे तर बोलूच नका. १९८९ मध्ये, आरक्षणाचा पत्ता नसताना, यवतमाळ जिल्ह्यातल्या मेटिखेड्याच्या आणि जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरच्या ग्रामपंचायतींवर शेतकरी महिला आघाडीच्या बायकांची आख्खी पॅनेलं निवडून आली. पुढं विटनेरच्या शेतकऱ्यांनी जमिनी बायकांच्या नावावर केल्या. कुठल्या प्राधिकरणाच्या दप्तरात अशी नोंद आहे?

खरा धोका मला दुसरीकडे दिसतो. निवडून आलेली संस्थाच गायब करता येते, हे आपण नुकतंच पाहिलं. अमरावती, नागपूर, अकोला यांच्यासह राज्यातल्या बहुतेक महापालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक व्हायला जवळजवळ चार वर्षं लागली. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये तंबी दिली तेव्हा कुठं चाक हललं. तेवढा काळ प्रशासक. म्हणजे निम्म्या जागा बायकांच्या, आणि त्या सगळ्या रिकाम्या. या चार वर्षांत किती पुढाऱ्यांनी स्थानिक स्वायत्ततेसाठी कंठशोष केला? भूखंड जाताना जे ओरडले ते सभागृह जाताना इतके गप्प कसे?

आणि बंद करायचं तेही कसं, याला महत्त्व आहे. कॅलिफोर्नियात गरिबांच्या घरांचा वाटा बुडाला, पिंपरीत रस्ते एकाकडे आणि पैसा दुसऱ्याकडे गेला, नागपुरात तर मंजुरीसाठी कुठल्या खिडकीपाशी उभं राहायचं हेच वर्षागणिक बदललं. संस्था बंद करताना तिच्या इमारती, गाड्या, कर्मचारी यांची यादी होते. तशी तिच्या देण्यांची यादी का होत नाही? शुल्क घेतलं आणि नियमितीकरणाचं पत्र दिलं नाही असे प्लॉट किती, जमीन घेतली आणि मोबदला किंवा परतावा राहिला अशी कुटुंबं किती, पट्टे कबूल केले आणि दिले नाहीत अशा झोपड्या किती, हे वस्तीत, मराठीत, भिंतीवर लागलं पाहिजे, आणि हे देणं फिटेपर्यंत एकही भूखंड लिलावात काढता कामा नये. भूखंडांचा पैसा ज्या वस्त्यांकडून उभा राहिला त्यांच्या नळावर आणि नालीवर आधी लागला पाहिजे. आणि प्रत्येक नोंद नवराबायको दोघांच्या नावानं. हे काही जगावेगळं मागणं नाही. आवास योजनेचं घर बाईच्या किंवा दोघांच्या नावानं द्यायचा नियम आहे. गावातल्या घराच्या नोंदीत दोघांचं नाव लावायचा शासन निर्णय २००३ चा आहे. जे गावच्या कौलारू घराला लागू, ते शहरातल्या भूखंडाला का नको?

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात एक फार मोलाची तरतूद आहे, आपल्या बैठकांत ती मोठ्यानं वाचली पाहिजे. विधवा, घटस्फोटित आणि घरच्यांनी टाकलेल्या बायका यांना त्या कायद्यानं स्वतंत्र कुटुंब मानलं आहे. म्हणजे भावाच्या पडवीत राहणाऱ्या परित्यक्तेचंही वेगळं पुनर्वसन. पण ही तरतूद भूसंपादनाच्या रीतसर वाटेवर उभी आहे. जमीन थेट खरेदीनं, वाटाघाटीनं घेतली, की सामाजिक परिणामांचा अभ्यास गळतो, आणि ती परित्यक्ता कुणाच्या नजरेला पडत नाही. घाई असलेल्या प्राधिकरणाला थेट खरेदीच प्रिय असते.

हे सगळं रिद्धपूरला येऊन कसं भिडतं ते सांगते. आपल्या वऱ्हाडातलंच शेगाव पाहा. तिथल्या विकास आराखड्यात मंदिराभोवतीची घरं-दुकानं गेली. खळवाडी आणि मातंगपुरी या वस्त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर होता. रस्ते रुंद झाले, भाविकांची सोय झाली, नाही म्हणत नाही. पण तीर्थाचा विकास म्हटला की पहिली वस्ती कुठली हलते, ते नावांतच वाचा.

आमच्या गावाला तर याबाबत एक जुना दाखला आहे. गोविंदप्रभूंच्या चरित्रात लीळा आहे, की गावातल्या मातंगांना पाणी मिळत नव्हतं, त्यांनी प्रभूंना विनवलं, आणि प्रभूंनी त्यांच्यासाठी विहीर खोदवली. सातशे वर्षांपूर्वी रिद्धपुरातल्या ‘विकासकामा’ची सुरुवात गावकुसाबाहेरच्यांच्या पाण्यापासून झाली होती, त्यांना उठवण्यापासून नाही. आणि महदाइसा प्रश्न विचारून विचारून चक्रधरांनाही थांबायला लावायची. तिच्या गावच्या बायकांनी आराखड्याबद्दल चार प्रश्न विचारले तर परंपरा मोडत नाही.

आमच्या गटातल्या बायकांचं म्हणणं, विद्यापीठ येऊ द्या, यात्रेकरू येऊ द्या, आमच्या पोरींना शिकायला आणि आम्हाला खानावळ चालवायला मिळेल. फक्त गावावर दुसरा मालक आणू नका. कायद्यानं नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते. बहुतेक गावांत ती रजिस्टरातच होते, सह्या घरपोच गोळा होतात. यंदा आम्ही ती खरीखुरी भरवणार आहोत, आणि ठराव लिहून तयार आहे. रिद्धपूरच्या हद्दीत विकासाचं कुठलंही काम ग्रामसभेच्या मंजुरीशिवाय होऊ नये. त्यासाठी समिती किंवा प्राधिकरण नेमलं तर त्यात निम्म्या बायका असाव्यात, आणि त्या ग्रामसभेनं निवडलेल्या असाव्यात. जमीन जाणाऱ्या प्रत्येक घरातल्या बाईचं म्हणणं वेगळं नोंदवावं. यात्रेच्या वाहनतळाआधी वस्तीतल्या नाल्या व्हाव्यात. शेवटच्या कलमावर आमच्यात वाद झाला. एक म्हातारी म्हणाली, “नाली कायले लिहिता बाई, हसतीन लोकं.” बाकीच्यांनी ते कलम वर घेतलं, पहिल्या क्रमांकावर.

ज्या मैत्रिणींच्या गावात किंवा शहरात असं प्राधिकरण आहे, येऊ घातलं आहे किंवा बंद होतं आहे, त्यांनी आपल्याकडचे ठराव, भरलेल्या शुल्काच्या पावत्यांची माहिती, अर्ज देऊन मिळालेली उत्तरं अंकाकडे पाठवावीत. उत्तर मिळालं नसेल तर अर्जाची पोच पाठवावी, तीही कामाची आहे.